गोळी ज्याची, त्यालाही विचारा
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी मांडलेलं मनोगत)

मी गटाची सचिव. दर महिन्याला हिशेब वाचते, आज घरातलं बोलते.

माझा मुलगा नववीत आहे. लहानपणापासून एका जागी बसणं नाही. दप्तर शाळेत विसरायचा, मोटार चालू करायला पाठवला तर वाटेतच रमायचा. लोक म्हणायचे, आईनंच लाडावलंय. मग मीही त्याला मारलं, आज त्याचं वाईट वाटतं.

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, त्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, एडीएचडी आहे. म्हणजे लक्ष टिकवणं, घाई आवरणं मेंदूला अवघड जातं. हा आळस नाही आणि आईच्या वळणाचा दोषही नाही.

गोळी सुरू झाली. वह्या पूर्ण होऊ लागल्या, तक्रारी थांबल्या. मला वाटलं, सुटलो! आणि एक दिवस गादी उन्हात टाकताना खाली चौदा गोळ्या सापडल्या.

हात उचलला होता, पण थांबले. विचारलं, "का रे?"

म्हणाला, "आई, गोळी घेतली की डबा खाववत नाही. पोरं म्हणतात, तू गप्प गप्प झालास. आणि तू पाहुण्यांसमोर विचारतेस, गोळी घेतली का? मला लाज वाटते."

मी वही बघत होते. दिवस तो काढत होता.

आम्ही दोघं परत डॉक्टरांकडं गेलो. या वेळी तोच बोलला. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं या गोळीनं होऊ शकतं, असं कळलं. डॉक्टरांनी मात्रा बदलली. आता तो आधी पोटभर न्याहारी करतो, मग गोळी. सरांनी पहिल्या बाकावर बसवलंय. मी एका वेळी एकच काम सांगते. भांडणं अजून होतात, पण गादीखाली काही सापडत नाही.

तायांनो, मुलींनाही हा त्रास असतो. त्या बऱ्याचदा दंगा करत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसतात, म्हणून लक्षात येत नाही. शंका आली तर शाळेतल्या तपासणी पथकाला सांगा. टेलिमानसच्या 14416 नंबरवर फुकट बोलता येतं. गोळी मात्र आपल्या मनानं सुरू किंवा बंद करू नका.

कर्ज घेणाऱ्या बाईला न विचारता आपण हप्ता ठरवतो का? मग गोळी ज्याच्या पोटात जाते, त्याला विचारायला नको?