‘भरपाई’ : शब्द आणि व्यवहार

झालेल्या हानीबद्दल जे द्यावयाचे असते त्याला भारतीय भाषांत अनेक नावे आहेत. हिंदीत व उर्दूत ‘मुआवजा’ रूढ आहे. मराठीत ‘मोबदला’ आणि ‘नुकसानभरपाई’. वरवर पाहता हे शब्द एकाच अर्थाचे वाटतात. त्यांची मुळे शोधू गेल्यास मात्र त्यांत दोन निरनिराळ्या कल्पना आढळतात.

‘मुआवजा’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आला. एखाद्याच्या जागी दुसऱ्याने काम करणे म्हणजे ‘एवजी’. तो शब्दही याच धातूचा. ‘मोबदला’सुद्धा अरबीच असून ‘बदल’ आणि ‘बदली’ हे त्याचे सगोत्र होत. दोन्ही शब्दांच्या मुळाशी विनिमय आहे : एक वस्तू गेली, तिच्या जागी दुसरी आली. जे आले ते गेलेल्याच्या तोलाचे आहे की नाही, याविषयी हे शब्द मौन पाळतात.

‘नुकसानभरपाई’ची घडण वेगळी आहे. तिचा पूर्वार्ध ‘नुकसान’ अरबी असून त्याचा अर्थ उणे होणे, घटणे असा आहे. उत्तरार्ध मात्र देशी आहे : भरणे आणि पावणे. हिंदी प्रदेशात येणे वसूल झाले, की धनको कागदावर ‘भर पाया’ असे लिहून देई. मराठी व्यवहारात तेच ‘भरून पावलो’ झाले. ‘पावती’ हा शब्दही त्याच ‘पावणे’तून निघाला. तेव्हा भरपाई म्हणजे मुळात दिलेली रक्कम नव्हे, तर पूर्ण मिळाल्याची कबुली. ती देणाऱ्याने उच्चारावयाची नसून घेणाऱ्याने उच्चारावयाची होती. हिंदीत ‘भर पाए’ हे उद्गार पुढे उपरोधानेही निघू लागले. मराठीत ‘भरून पावलो’ हे कृतार्थतेचे वचन म्हणून रूढ झाले.

आज सरकारी कागदांत ‘भरपाई दिली’ असे वाक्य सर्रास आढळते. शब्द घेणाऱ्याच्या तोंडून देणाऱ्याच्या लेखणीत गेला, आणि हा फरक केवळ व्याकरणाचा नाही.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या बाजारभावावर शेकडा १५ अधिक द्यावेत, अशी तरतूद होती. संपादन सक्तीचे असते, हे त्याचे कारण कायद्यातच नमूद होते. मराठीत या वाढीव रकमेला ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्याने १०० टक्के. नुसत्या किमतीने उणीव भरत नाही, याची ही कबुलीच म्हणावी लागेल. त्याच १८९४ च्या कायद्यात आणखी एक अट होती, आणि ती २०१३ च्या कायद्यातही राहिली. रक्कम अपुरी असल्याची हरकत नोंदवून ती स्वीकारता येते. परंतु हरकत न नोंदवता स्वीकारली, तर वाढीव रकमेसाठी दाद मागण्याचा हक्क उरत नाही. म्हणजे हरकतीचे दोन शब्द लिहावयाचे राहून गेले, की त्या मौनाचाच अर्थ ‘भरून पावलो’ असा घेतला जातो. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला या मौनाची केवढी किंमत द्यावी लागत असेल, याची कल्पना करता येते.

भोपाळच्या वायुदुर्घटनेत हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. दुर्घटना डिसेंबर १९८४ मधील. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर भारत सरकार आणि कंपनी यांच्यात ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार १९८५ च्या कायद्याने सरकारने स्वतःकडे घेतला होता. म्हणून ‘भरून पावलो’ हे शब्दही त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच उच्चारले. रक्कम वाढवून मिळावी, यासाठी पुढे सरकारनेच केलेली याचिका न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. ज्यांची फुप्फुसे आणि डोळे कायमचे अधू झाले, त्यांच्या लेखी हिशेब तेव्हाही पुरा झालेला नव्हता.

रक्कम कोणी ठरवावी, हे कायदा सांगेल. तिला मोबदला म्हणण्यास कोणाची हरकत असू नये. परंतु ती भरपाई झाली की नाही, हे सांगण्याचा अधिकार शब्दाच्या जन्मापासून घेणाऱ्याचा आहे. कागदावर तो शब्द लिहिण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे, एवढीच या शब्दाची अपेक्षा आहे.