तेच पुन्हा म्हणा ना!

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कविसंमेलनाला गेलो की एक गोष्ट हमखास घडते. मी नव्या कवितेचा कागद काढतो, चष्मा लावतो आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, 'कांडी! कांडी म्हणा!' माझ्या पहिल्या संग्रहात अम्मीवर एक कविता आहे. आमचं घर इचलकरंजीचं. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि अम्मी घरी बसून कांड्या भरायची. कविता यमकात आहे, चालीवर म्हणता येते. लोक डोळे पुसतात, टाळ्या पडतात आणि नव्या कवितेचा कागद घडी घालून पुन्हा खिशात जातो. सुरुवातीला याचा आनंद वाटायचा. मग कंटाळा येऊ लागला आणि पुढेपुढे चक्क राग. त्या रागाबद्दलच मला आज बोलायचं आहे. पण तो राग मला नीट कळला तो एका परदेशी बँडमुळे, म्हणून आधी त्या बँडची हकीकत सांगतो.

बँड म्हटल्यावर वरातीतला बँड डोळ्यांसमोर आणू नका. ही अमेरिकेतल्या बाल्टिमोर परिसरातली चार शाळासोबती मुलं. त्यांच्या बँडचं नाव 'अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह'. आपल्या शायरांसारखी त्यांनीही टोपणनावं घेतली : एव्ही टेअर, पांडा बेअर, डीकिन आणि जिऑलॉजिस्ट. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून, छोट्या स्वतंत्र कंपन्यांकडून रेकॉर्ड काढणाऱ्या बँडना तिकडे 'इंडी' म्हणतात. हा त्यातला, आणि त्यातही प्रयोग करणारा. या चौघांचा एक करार मला फार आवडतो. प्रत्येक रेकॉर्डमध्ये चौघांनी असलंच पाहिजे असं नाही. कुणाला थांबावंसं वाटलं तर त्याने थांबावं, उरलेल्यांनी पुढे जावं, नाव तेच. २००४ सालचा त्यांचा 'संग टाँग्ज' हा अल्बम दोघांनीच केला, मुख्यतः गिटार आणि गळे एवढ्यावर. २००७ चा 'स्ट्रॉबेरी जॅम' मात्र करकरीत, कानाला टोचणारा.

माझा मुलगा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. २००९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं आणि म्हणाला, 'अब्बा, दोन मिनिटं काही बोलू नका.' तो अल्बम होता 'मेरीवेदर पोस्ट पॅव्हिलियन'. मेरीलँडमधल्या एका खुल्या प्रेक्षागृहाचं ते नाव. गिटार जवळजवळ बाजूला ठेवलेली, सगळी भिस्त सँपलर या यंत्रावर. आधी ध्वनिमुद्रित केलेले आवाज त्यात साठवायचे आणि हवे तसे उलटेपालटे करून वाजवायचे. पाण्याखालून यावेत तसे ते आवाज येत होते, आणि त्यांच्या वर दोन गळे एकमेकांत मिसळून गात होते. 'माय गर्ल्स' या गाण्याचा अर्थ मुलाने सांगितला. गायकाला बायको आणि मुलीसाठी डोक्यावर एक साधं छप्पर हवं आहे, बाकी श्रीमंतीचा सोस नाही. शेवटचं 'ब्रदरस्पोर्ट' वडिलांच्या मृत्यूनंतर भावाला धीर देणारं. एवढ्या यंत्रांच्या आत इतकी घरगुती माया पाहून मी चकित झालो.

त्या अल्बमचं कौतुकही अफाट झालं. 'पिचफोर्क' या संगीतविषयक नियतकालिकाने त्याला दहापैकी ९.६ गुण दिले. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाने अमेरिकेतल्या समीक्षकांचा २००९ चा कौल घेतला, त्यात तो पहिला आला. अमेरिकेच्या खपाच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत पोचला. असल्या संगीताला हे स्वप्नातही मिळत नाही.

आणि मग सप्टेंबर २०१२ मध्ये पुढचा अल्बम आला, 'सेंटिपीड हर्ट्झ'. सेंटिपीड म्हणजे गोम, आणि हर्ट्झ म्हणजे कंपनांचं माप, जे आपण रेडिओच्या बाबतीत नेहमी ऐकतो. मागच्या वेळी बाहेर राहिलेला डीकिन परतला होता. चौघे बाल्टिमोरला एकत्र बसले, खरेखुरे ड्रम आले, गिटार आली. कल्पना रेडिओचीच होती. जाहिरातींचे तुकडे, केंद्रांच्या ओळखधून, खरखर, एका स्टेशनवर दुसरं स्टेशन चढणं, हे सगळं गाण्यांच्या मध्ये आणि गाण्यांच्या आतही भरलेलं. लहानपणी मीडियम वेव्हचा काटा फिरवत बसलेल्या माझ्यासारख्याला ते ओळखीचं वाटावं. पण लोक तर 'माय गर्ल्स'च्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. त्यांच्या अंगावर हा कल्लोळ कोसळला.

'पिचफोर्क'ने या वेळी ७.४ गुण दिले. म्हणजे नापास नव्हे. पण शहाण्णव टक्के मिळवणाऱ्या मुलाने पुढच्या परीक्षेत चौऱ्याहत्तर आणले की घरात जे वातावरण असतं, ते झालं. आणि मतं दुभंगली. एक गट म्हणे, यात श्वास घ्यायला जागा नाही. सगळे आवाज एकाच वेळी, एकाच उंचीवर बोलतात. चाली आहेत, पण ढिगाऱ्याखाली. दुसरा गट म्हणे, चार मित्र एका खोलीत जीव तोडून वाजवतायत, हा आनंद तुम्हाला ऐकू कसा येत नाही? आणि एक तिसरा, जुना गट होता. तो गालात हसत होता. त्यांना २००९ चा अल्बमच जरा गोड वाटला होता!

मला हा तिसरा गट महत्त्वाचा वाटतो. सगळे अल्बम ओळीने मांडले तर करकर, गोंगाट आणि मोडतोड या बँडमध्ये आधीपासून होती. नितळपणाच जरा वेगळा होता. पण ज्याने त्या नितळपणातून आत पाऊल टाकलं, त्याला तोच मूळ स्वभाव वाटला आणि पुढचं सगळं बिघाड वाटलं. आपण ज्या दाराने घरात शिरतो, ते आपल्याला घराचं मुख्य दार वाटतं. घर बांधणाऱ्याच्या मनात ते कदाचित खिडकीएवढंही नसेल.

माझ्या मुलाच्या खोलीत दोन्ही गट राहत होते. तो आणि त्याचा खोलीतला मित्र या अल्बमवरून असे भांडले की चार दिवस दोघांनी वेगवेगळ्या वेळी मेसमध्ये जेवण घेतलं. फोनवर मी म्हटलं, 'अरे, आवडत नाही तर ऐकू नकोस.' तो म्हणाला, 'अब्बा, मी रोज रात्री ऐकतोय. अजून आवडत नाहीये.' मी हसलो आणि विसरलो.

मी स्वतःही ऐकला. माझं बालपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, मला गोंगाटाची भीती नाही. बाहेरच्या माणसाला मागांचा नुसता आवाज ऐकू येतो; वडिलांना कुठला माग बिघडतोय ते त्या आवाजातून कळायचं. म्हणून मी कान लावून बसलो. डीकिनचं 'वाइड आइड' हे गाणं मला सापडलं. बँडच्या अल्बममध्ये त्याने मुख्य गायक म्हणून गायलेलं ते पहिलंच. त्यात एक बुजरेपणा आहे. बाकी अल्बम मात्र दाटीवाटीचा वाटला, आणि हे मी आजही म्हणेन. इथे स्टुडिओत बोलताना मी दोन वाक्यांच्या मध्ये थांबलो नाही, तर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला रेडिओ बंद कराल. रेडिओवर विरामही ऐकू येतो. रेडिओवर बेतलेल्या त्या अल्बममध्ये नेमका विराम कमी पडला, असं माझं मत.

आता माझी गोष्ट. २०१४ साली माझा दुसरा संग्रह आला. त्यात यमक नव्हतं, चाल नव्हती. बंद पडलेले माग, भंगारात गेलेलं लोखंड, गाव सोडून गेलेली माणसं, यांच्या तुटक ओळी होत्या. मला वाटलं, मी पुढे गेलो. कार्यक्रमांतून मात्र 'कांडी'चीच मागणी. तेही चाललं असतं. पण मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या उशाशी माझं पुस्तक दिसलं, पेन्सिलच्या खुणा केलेलं. मी विचारलं, कसं वाटलं? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'अब्बा, तीनदा वाचलं. अजून आत जाता येत नाहीये.'

मला फार लागलं. परक्याने म्हटलं असतं तर सोसलं असतं. मी त्याला म्हणालो, 'तुलाही कांडीच हवी असेल तर पहिलं पुस्तक वाच.' पुढे दोन महिने आम्ही कामापुरतं बोललो. त्याचा फोन आला की मी बायकोकडे द्यायचो.

एका रात्री ते जुनं वाक्य आठवलं. 'रोज रात्री ऐकतोय. अजून आवडत नाहीये.' जे आवडत नाही ते कुणी रोज रात्री ऐकतं का? जे कळत नाही ते कुणी तीनदा वाचतं का? ज्याला देणंघेणं नसतं तो पुस्तक मिटतो आणि झोपतो. हिरमोड व्हायला आधी जीव लागलेला असावा लागतो. हे त्या बँडच्या बाबतीत मला सहज दिसलं होतं, स्वतःच्या बाबतीत दिसायला दोन महिने लागले. मी उठून त्याच्या पेन्सिलच्या खुणा पाहिल्या. तीन पानांवर त्याने बारीक अक्षरात एकच शेरा लिहिला होता : 'सगळ्या ओळी एकदम बोलतायत.' बँडच्या अल्बमवर मी जो आक्षेप घेतला होता, तोच तर हा! दोन पानांवर तो बरोबर होता. तिसऱ्या पानावर, माझ्या मते, तो चुकला होता. सकाळी मी फोन केला आणि त्या तिसऱ्या पानावरून आम्ही तासभर भांडलो. बऱ्याच दिवसांनी इतकं बरं वाटलं.

डीकिनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००९ मध्ये त्याने चाहत्यांकडून वर्गणी मागितली. आफ्रिकेतल्या मालीत वाळवंटातल्या संगीत महोत्सवाला जायचं, तिथल्या अनुभवावर काम करायचं आणि ते वर्गणीदारांना द्यायचं, असा बेत. सुमारे २६ हजार डॉलर जमले. तो जाऊन आला, पण रेकॉर्ड येईना. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. लोक चिडले, टिंगल झाली, आणि त्यांचं चिडणं गैर नव्हतं. अखेर २०१६ च्या एप्रिलमध्ये 'स्लीप सायकल' आला. सहा गाणी, तेहेतीसेक मिनिटं. शांत, स्वतःच्या शंकेशी बोलणारा. चिडलेल्यांपैकी अनेकांनी तो मनापासून उचलून धरला. उशिराचा हिशेब त्याने मिटला असं मी म्हणणार नाही. पण ऐकणाऱ्यांनी राग बाजूला ठेवून कान उघडा ठेवला, हे त्यांचं मोठेपण.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बँडचा 'पेंटिंग विथ' आला होता, डीकिनशिवाय. आधीच्या नोव्हेंबरात बाल्टिमोरच्या विमानतळावर तो प्रवाशांना न सांगता वाजवून टाकला होता! छोटी गाणी, दोन गायक एकाच ओळीची अक्षरं आलटून पालटून म्हणतात. पुन्हा मतं दुभंगली, आणि बऱ्याच जणांनी बँड संपला असं ठरवून टाकलं. मग २०२२ च्या फेब्रुवारीत 'टाइम स्किफ्स' आला. चौघे पुन्हा एकत्र, सुटसुटीत, मोकळा श्वास असलेला. बहुतेकांनी स्वागत केलं.

मुलाचा रात्री फोन आला. 'अब्बा, ऐकलंत?' मी म्हटलं, 'ऐकलं. फार छान आहे. आता तरी खूश ना?' तो म्हणाला, 'हो, छान आहे.' मग जरा थांबून म्हणाला, 'पण खरं सांगू? हल्ली गाडीत मी सेंटिपीडच लावतो.' दहा वर्षांनी तो अल्बम त्याच्यासाठी उघडला होता. माझ्यासाठी अजून नाही. त्यावरून आम्ही पुन्हा वाद घातला.

श्रोतेहो, कलावंताने तेच पुन्हा म्हणावं अशी सक्ती करू नये, हे तर खरंच. पण ऐकणाऱ्याने निराश होऊच नये, अशी सक्तीही कलावंताला करता येत नाही. निराश झालेला माणूस निघून गेला नसेल, तर तो अजून आपल्याच मैफलीत बसलेला असतो. त्याच्याशी बोलावं. आणि ऐकणाऱ्यांना एवढीच विनंती, की 'बिघडला' असा निकाल देण्याआधी आपण कुठल्या दाराने आत आलो ते एकदा आठवून पाहावं.

कविसंमेलनात मी आता एक तोड काढली आहे. 'कांडी'ची हाक आली की म्हणतो, म्हणतो ना, पण आधी एक नवी ऐका. लोक ऐकतात. काही जण चुळबुळतात. गेल्या खेपेला कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, 'ती नवी काही कळली नाही हो. पण पुढल्या वेळी पुन्हा म्हणा.'