कळलं का, असं विचारू नका

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

मी आज जुलाबावर बोलणार आहे. नव्या गाऊनमध्ये बसून जुलाबावरचं भाषण ऐकायची वेळ यावी, हे जरा विचित्रच. पण पहिल्या पावसाळ्यात बालरुग्ण विभागात ड्युटी लागली, की माझी आठवण काढाल.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पिशव्यांत भरून कोलकात्याहून नेला, तोटीच्या पिंपांत पाण्यात कालवला आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. महालनोबिस यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. मिश्रणाचं श्रेय सगळे देतात. माझं लक्ष मात्र पेला धरून उशाशी बसलेल्या आईकडे, भावाकडे जातं. त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगितलं असणार.

आपल्याकडे काय होतं? "सिस्टर, एखादी सलाईन लावा ना, ताकद येईल," असा आग्रह होतो. पोरगं तोंडाने पाणी घेत असतं. आपण तशाच मिश्रणाची, म्हणजे ओआरएसची पुडी आईच्या हातात ठेवतो, "पाण्यात कालवून पाजा, कळलं का?" म्हणतो आणि ती मान हलवते. नाही कोण म्हणणार? मागे रांग, कडेवर रडणारं मूल, समोर वैतागलेल्या तुम्ही. घरी ती पेलाभर पाण्यात अख्खी पुडी ओतते. इतकं दाट पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून मुलाला झटके येऊ शकतात. दुसरी चिमूटभरच टाकते, त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून "कळलं का" सोडा. "ताई, घरी कसं करणार ते करून दाखवा," म्हणा. कोपऱ्यात एक लिटरची रिकामी बाटली ठेवा. पुडीवर पाण्याचं माप छापलेलं असतं, ते तिच्याकडूनच वाचून घ्या. बाजारात २०० मिलीच्याही पुड्या मिळतात. लिटरची पुडी असेल तर बाटलीभर स्वच्छ पाणी आणि पुडी पूर्ण रिकामी. वरून साखर नाही, मीठ नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करायचं. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. ड्युटीवर ती मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी काढा.

पुडीऐवजी दुकानातलं गोड पेय आणू नका, हेही सांगा. नावात ओआरएस मिरवणारी अशी पेयं दुकानात वर्षानुवर्षं विकली गेली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या नावाला मनाई केली, तरी लोकांच्या डोक्यातून ती पेयं जायला वेळ लागेल.

झिंकच्या गोळीबद्दलही नुसतं "कळलं का" पुरत नाही. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळी फडताळात जाते. ती चौदा दिवस द्यायची असते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी.

आणि आजीला विसरू नका. "पोटाला जरा विश्रांती द्या" म्हणत घरात जेवण बंद करणारी तीच असते आणि सुनेचं तिच्यापुढे काही चालत नाही. आजीलाच पुढे बोलवा. "आजी, अंगावरचं दूध सुरू ठेवायचं, मऊ भात, वरण द्यायचं, हे तुम्ही बघाल ना?" असं विचारा. जबाबदारी अंगावर आली की ती सुनेपेक्षा कडक पहारा ठेवते.

परत कधी यायचं, हेही आईच्याच तोंडून वदवून घ्या: मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिईना, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा.

तुमचे आईवडील मागच्या रांगांत बसलेत. त्यातल्या कित्येकांना बीपीची, साखरेची गोळी सुरू असेल. आज घरी गेल्यावर पेढे वाटून झाले, की गोळ्यांचा डबा मागवा आणि कोणती कधी घेतात, ते त्यांना दाखवायला सांगा.