हसू दुसऱ्या दिवशी येतं

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय दिला होता ‘संगणक आणि आपण’. तो मी परत केला. वीस-बावीस वर्षं त्याच संगणकावर पोट भरतेय, आज एक दिवस त्याला सुट्टी. त्याऐवजी आपल्या ग्रुपवर तीन आठवडे चाललेल्या एका भांडणाबद्दल बोलते. भांडण एका सिनेमावरून झालं. आपण कोल्हापूरचे, त्यामुळे यात नवल काही नाही. बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः कॅमेरा तयार केला आणि जिथं १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी राहिली, त्या गावातली माणसं सिनेमावरून भांडणार नाहीत तर कशावरून?

सर आणि बाईंना ठाऊक नसेल म्हणून सांगते. लॉकडाऊनपासून आमचा एक खेळ चालू आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकानं सिनेमा निवडायचा, सगळ्यांनी आपापल्या घरी तो बघायचा आणि ग्रुपवर मत लिहायचं. सोमवारपर्यंत ‘लई भारी’ किंवा ‘टुकार’ एवढ्यावर प्रकरण मिटतं. या पावसाळ्यात मात्र कुणीतरी स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘१९४१’ निवडला आणि ते मिटेना.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा १९७९ चा. ‘जॉज’ आणि ‘क्लोज एनकाउंटर्स’ अशा दोन तुफान चाललेल्या सिनेमांनंतर स्पीलबर्गनं काढलेला विनोदी सिनेमा. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतरच्या आठवड्यात लॉस एंजेलिस शहर भीतीनं कसं वेडंपिसं होतं, ही गोष्ट. एक जपानी पाणबुडी किनाऱ्याजवळ आली आहे. तिला हॉलिवूडवर हल्ला करायचा आहे, पण हॉलिवूड कुठं आहे तेच तिला सापडत नाही. शहरात सैनिक, वैमानिक, दुकानदार, नाचणारी पोरं असे सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. नटांची तर जत्राच आहे. जॉन बेलुशी, डॅन ॲक्रॉइड, जपानचा थोर नट तोशिरो मिफुने, ड्रॅक्युला म्हणून गाजलेला ख्रिस्तोफर ली. एक आकाशपाळणा धक्क्यावरून गडगडत समुद्रात जातो. एका गृहस्थाच्या अंगणात सरकारनं विमानविरोधी तोफ आणून ठेवली आहे. तो पाणबुडीवर तोफ डागायला जातो आणि स्वतःचंच घर खिळखिळं करून बसतो.

आता मतं. पहिलंच आलं, ‘भावा, ह्यात स्टोरी कुठाय?’ त्याच्या खाली अंगठ्यांची रांग. आपल्यातल्या एका कुस्तीशौकिनानं तर चपखल लिहिलं. खासबागेत एकाच वेळी चाळीस जोड्या सोडल्या तर बघणारा टाळी कुणाला देणार? पैलवान एकेक नामी आहे, पण कुस्ती एकही दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचेही होते. एकानं आकाशपाळण्याचा प्रसंग चार वेळा पाहिला. हे सगळं संगणकाच्या आधीचं, शहराच्या छोट्या प्रतिकृती बांधून केलेलं काम आहे, हे त्यानं आम्हाला पटवलं. त्याचं खोटं नाही. छायाचित्रण, ध्वनी आणि दृश्यचमत्कृती अशी तीन ऑस्कर नामांकनं या सिनेमाला होती. एकीचा नववीतला मुलगा शेवटपर्यंत खो-खो हसत होता. आणि आपल्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तासाभरात टीव्ही बंद केला. एक सैनिक एका मुलीच्या मागं हात धुवून लागतो, ती नको म्हणते, आणि ते आपण हसण्यावारी न्यायचं. ‘यात मला हसू आलं नाही,’ एवढंच तिनं लिहिलं. त्यावर कुणी काही बोललं नाही आणि ते बरंच झालं.

अमेरिकेतही असंच झालं होतं. समीक्षकांनी सिनेमा झोडपला. गोंगाट फार आणि विनोद कमी, हा मुख्य आक्षेप. स्पीलबर्गनं पुढं सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यानं जॉन वेनला एका भूमिकेसाठी विचारलं होतं. वेननं ती नाकारलीच, वर युद्धाची अशी टिंगल करू नकोस असंही बजावलं. सिनेमा ‘आपटला’ असं आजही म्हणतात. प्रत्यक्षात सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या सिनेमानं जगभरात नऊ कोटींच्या वर गल्ला जमवला. म्हणजे लोक गेले, पण जेवढं हसू अपेक्षेनं घेऊन गेले तेवढं परत आणलं नाही.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. ही भीती खरी होती की लेखकांनी रचलेली? म्हणून थोडं वाचलं. भीती खरी होती. २३ फेब्रुवारी १९४२ ला एका जपानी पाणबुडीनं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका तेलक्षेत्रावर खरंच तोफगोळे टाकले. नुकसान किरकोळ. पण दुसऱ्या दिवशी रात्री लॉस एंजेलिसमध्ये भोंगे वाजले, दिवे गेले आणि विमानविरोधी तोफांनी आकाशात चौदाशेहून जास्त गोळे उडवले. शत्रूचं एकही विमान तिथं नव्हतं. त्या रात्रीच्या गोंधळात काही माणसं मात्र खरोखर दगावली, कुणी वाहनाच्या अपघातात, कुणी हृदयविकारानं. आणि त्याच महिन्यातल्या सरकारी आदेशानं पुढं सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं-दुकानं सोडून छावण्यांत राहावं लागलं. त्यातले बहुतेक जन्मानं अमेरिकनच होते. सिनेमात आकाशपाळणा आहे, या छावण्या नाहीत.

आपल्याकडेही हेच चाललं होतं. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. जपानी आरमार मद्रासवर येतंय अशी बातमी आली, सरकारनं कचेऱ्या आतल्या गावांत हलवल्या आणि माणसं शहर सोडून निघाली. आरमार आलंच नाही. दोन वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्यानं भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा जपान्यांनीच हल्ला केला असं पहिल्यांदा अनेकांना वाटलं. आणि युद्ध आपल्या गावाच्या वेशीपर्यंत आलंच होतं. १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियातून, इराणमार्गे, सगळं गमावून आलेली. त्यांची शाळा, चर्च, स्काउट असं छोटंसं गावच इथं वसलं होतं. महावीर उद्यानातलं त्यांचं स्मारक आपण लहानपणापासून तिथं खेळलेल्यांपैकी कितींनी नीट वाचलंय?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं आणि भांडण आणखी पेटलं. एक गट म्हणाला, एवढं झालेलं असताना त्यावर विनोद करायचाच कशाला? दुसरा म्हणाला, मग हसायचं तरी कशावर? सगळ्यांवरच बंदी घाला.

तेव्हा आपल्यातला एक जण, जो ग्रुपवर सहसा ‘राम राम’ पलीकडे काही लिहीत नाही, त्यानं लिहिलं. तो लष्करात बावीस वर्षं काढून सुभेदार होऊन परत आलाय. तो इथं शेवटच्या ओळीत बसलाय, त्याची परवानगी घेऊनच सांगते. त्यानं लिहिलं, नवीन असताना एका चौकीवर पहिल्याच रात्री अंधारात काहीतरी हललं. आम्ही तिघंही बंदुका रोखून तासभर श्वास धरून पडलो. पहाटे बघितलं तर गाढव. रात्री हसायची छाती नव्हती, सकाळी हसू थांबेना. आजही आम्ही तिघं भेटलो की गाढवाशिवाय दुसरा विषय नसतो. या सिनेमाचं एवढंच चुकलंय. हा रात्रीच हसायला लागतो.

त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. तीन आठवड्यांत आम्ही सगळ्यांनी मिळून जे शोधत होतो ते त्यानं सहा ओळींत सांगितलं. विनोद युद्धावर करावा की नाही हा प्रश्नच नव्हता. त्या माणसाची भीती आधी आपल्याला लागली पाहिजे. गाढव नंतर. ‘१९४१’ मध्ये पहिल्या दृश्यापासून सगळे मूर्ख आहेत, त्यामुळे कुणासाठीच आपल्या पोटात गोळा येत नाही. आणि गोळा आला नाही की तो सुटल्याचं हसूही येत नाही. माझ्या धंद्यातही हेच बघते. एकाच वेळी शंभर धोक्याच्या सूचना वाजायला लागल्या की रात्रपाळीचा माणूस एकही वाचत नाही.

याच सिनेमात मला एक प्रसंग मात्र मनापासून आवडला. बाहेर शहर पेटलेलं आणि जनरल स्टिलवेल थिएटरात बसून ‘डम्बो’ बघत डोळे पुसतोय. आईपासून तुटलेल्या हत्तीच्या पिल्लासाठी एक जनरल रडतोय. तिथं हसू येतं, कारण तो माणूस एका क्षणासाठी खरा वाटतो.

आता नटांच्या गर्दीचं. गर्दी हाच दोष असता तर ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ मध्येच पडला असता. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सिद्धार्थ रे, निवेदिता जोशी, अश्विनी भावे, सुप्रिया, सुधीर जोशी. गर्दी कमी आहे का? आपल्यातले निम्मे लोक तो झोपेत म्हणून दाखवतील. पण त्या सगळ्या साडी-टोपांच्या गोंधळाच्या मध्यभागी एकच साधी काळजी आहे, डोक्यावरचं छप्पर जाईल. पुण्या-मुंबईत भाड्यानं खोली शोधलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. वसंत सबनिसांच्या पटकथेनं ती काळजी शेवटपर्यंत सोडली नाही, म्हणून एवढी नटमंडळी एकाच कुस्तीत मावली.

त्याहून मागं गेलं तर आपल्याच गावचे मास्टर विनायक आहेत. जगात युद्ध पेटलेलं असताना, १९४० मध्ये त्यांनी ‘लग्न पहावं करून’ काढला आणि १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव, म्हणजे दामुअण्णा मालवणकर, आणि गुंड्याभाऊ, म्हणजे विष्णुपंत जोग. त्या काळात कच्च्या फिल्मची टंचाई, सिनेमाच्या लांबीवर सरकारी मर्यादा, अकरा हजार फूट, म्हणजे साधारण दोन तास. तेवढ्यात भागवायचं. चिमणराव तोफेला भिणारा नाही, तो संसाराला भिणारा. पण त्याची भीती आपल्या घरातली आहे, म्हणून पुढं दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आला तेव्हाही आपले आई-वडील तितकेच हसले.

एक शेवटची गोष्ट, कारण सुभेदाराचं मत वाचल्यावर मला तीच आठवली. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ फुटांवर. आपल्यातले कितीतरी जण माडीवर अडकलेले, आम्ही बाहेरगावचे फोन हातात धरून बसलेलो. रात्री दीडच्या सुमाराला ग्रुपवर निरोप आला, ‘धरण फुटलं’. धरण फुटलं नव्हतं. पण त्या रात्री एकानं म्हैस जिन्यानं पहिल्या मजल्यावर चढवली, एकीनं घरातलं सोनं हळदीच्या डब्यात लपवलं आणि डबा कुठं ठेवला हे विसरली. म्हैस चढली पण उतरेना, तिला उतरवायला दोन दिवस आणि सहा माणसं लागली. त्या रात्री यातल्या एकाही गोष्टीला कुणी हसलं नाही. आज जेवणाच्या पंगतीत म्हशीची गोष्ट पुन्हा निघणार आहे, मला माहीत आहे, आणि सगळ्यात मोठ्यानं म्हैसवालाच हसणार आहे. तो हक्क त्याचा आहे. ज्याचं घर गेलं, तो आपला मित्र त्या गोष्टीला अजून नुसता स्मित करतो, आणि त्याच्या समोर आपण कुणी ती गोष्ट पहिल्यांदा काढत नाही. एवढी समज आपल्या तुकडीला आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत. रसग्रहणाच्या प्रश्नाला ‘छान वाटले’ असं लिहिलं की बाई लाल शाईनं समासात ‘का?’ असं लिहायच्या. बाई, तुमचा तो ‘का?’ तीन आठवडे आमच्या ग्रुपवर चालला. ‘टुकार’ आणि ‘लई भारी’ यांच्या पुढं जाऊन आम्ही एकमेकांना ‘का?’ विचारलं आणि बावीस वर्षं गप्प राहिलेला आमचा मित्र बोलला.

पुढच्या महिन्याचा सिनेमा निवडायची पाळी त्याची आहे. त्यानं नाव सांगितलेलं नाही. सर आणि बाईंनीही या वेळी आमच्यात यावं आणि मत लिहावं अशी विनंती करते. गुण द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.