स्कूल बोर्डापासून सिनेटपर्यंत



आपल्यातलं कुणी निवडून आलं की आपण सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, गणपतीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवतो. नंतर त्या व्यक्तीने सभागृहात काय केलं, हे विचारायला मात्र कुणी जात नाही. आज मला ते विचारायचं आहे. उदाहरण घेते स्वाती दांडेकर यांचं. त्या मूळच्या नागपूरच्या, म्हणजे आपल्याच.

राज्याच्या विधिमंडळात जाणारी आपली माणसं बहुधा गावाच्या कारभारातून वर आलेली असतात. न्यू जर्सीचे उपेंद्र चिवुकुला आधी फ्रँकलिन टाउनशिपचे महापौर होते, मग २००१ साली विधानसभेवर निवडून आले. स्वातीताईंची सुरुवात महापौरपदाहूनही साधी. आयोवा राज्यात सीडर रॅपिड्सला लागून मॅरियन नावाचं लहान शहर आहे. तिथल्या लिन-मार स्कूल बोर्डावर त्या १९९६ साली निवडून आल्या. स्कूल बोर्ड म्हणजे शाळांचं बजेट, शिक्षकांचे पगार, नव्या इमारतीसाठी कर्ज काढायचं की नाही असले विषय. रात्री उशिरापर्यंत बैठका, आणि समोर तक्रारी घेऊन आलेले पालक. यात प्रसिद्धी नसते, पण गाव तुम्हाला ओळखू लागतं.

२००२ साली त्या आयोवाच्या कनिष्ठ सभागृहासाठी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभ्या राहिल्या, तेव्हा ही ओळख कामी आली. त्यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्याचा एक ई-मेल तेव्हा गाजला होता. आशय असा, की जिथे अजून जातिव्यवस्था आहे त्या देशात वाढलेली बाई आयोवाचे कायदे काय करणार? आता जातिव्यवस्थेवर टीका करायला आपली ना नाही, आपण स्वतः ती करतोच. पण इथे जात हे नुसतं निमित्त होतं, म्हणायचं होतं ते ‘ही परकी’ एवढंच. मतदारांनी सहा वर्षं त्यांचं काम पाहिलं होतं. त्या निवडून आल्या. राज्याच्या विधिमंडळात गेलेल्या त्या पहिल्या भारतीय-अमेरिकन महिला मानल्या जातात. २००८ साली त्या राज्याच्या सिनेटवर गेल्या.

इथपर्यंतची गोष्ट आपण हौसेने सांगतो. पुढची कुणी काढत नाही.

२०११ साली आयोवाच्या ५० जणांच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६ होते आणि रिपब्लिकन २४. कनिष्ठ सभागृह आणि गव्हर्नरपद रिपब्लिकनांकडे. म्हणजे सगळं त्या दोन जागांच्या फरकावर. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती. ती उलटवणारी घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहाने मंजूरही केली होती. सिनेटमधले डेमोक्रॅट नेते माइक ग्रॉनस्टल यांनी ती अडवून धरली होती, आणि हे बहुमत होतं म्हणूनच त्यांना ते जमत होतं.

अशा वेळी, सप्टेंबर महिन्यात, रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी स्वातीताईंना राज्याच्या युटिलिटीज बोर्डावर नेमलं. वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख करणारं हे मंडळ. काम महत्त्वाचं, पगारी, पूर्ण वेळाचं. उलट तिथली आमदारकी वर्षातले काही महिने चालणारी. त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत ही जागा गेली असती तर सभागृह २५-२५ झालं असतं. नोव्हेंबरमध्ये लिझ मॅथिस निवडून आल्या आणि बहुमत टिकलं.

त्या नेमणुकीत बेकायदेशीर काही नव्हतं. चांगलं पद चालून आलं तर ते स्वीकारण्याचा हक्क कुणालाही असतो, आणि ऊर्जेच्या प्रश्नात एखाद्याला खरा रस असू शकतो. तरीही माझ्या मते तो निर्णय चुकला. ती जागा त्यांची एकटीची नव्हती. सिनेटमधल्या त्या एका मतावर कित्येक जोडप्यांचं लग्न टिकून होतं. गव्हर्नरने नेमक्या त्यांनाच का निवडलं, हे न कळण्याइतक्या त्या राजकारणात नवख्या नव्हत्या. मॅथिसबाई हरल्या असत्या तर आपण आज हा इतिहास वेगळ्या सुरात सांगत असतो.

तेव्हा आपल्या मंडळांतून यावर एक अक्षर निघालं नाही. ‘आपल्या बाईंवर’ कशाला बोलायचं, असा भाव. पण आपली म्हणून टीका करायची नाही, हा ‘परकी म्हणून मत द्यायचं नाही’ याचाच दुसरा अवतार नाही का? दोन्हींत तिच्या कामाकडे कुणी पाहिलंच नाही.

२०१३ साली त्यांनी ते मंडळ सोडलं आणि २०१४ मध्ये काँग्रेससाठी पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरल्या. तिथे पॅट मर्फी जिंकले. पुढे ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून पाठवलं. मॅरियनच्या स्कूल बोर्डापासून मनिलापर्यंतचा हा प्रवास लहान नाही, आणि २०११ साल वगळून तो सांगणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

इथे बसलेल्यांपैकी काहींना माझं हे म्हणणं पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. चहाच्या आधी त्यांनीच बोलावं.