माजघरातली मजुरी कोण मोजणार?

(जिल्हा मेळाव्याच्या महिला सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर बोला असे मला सांगितले होते. त्यावर सकाळपासून तिघे बोलले आणि माझ्यापेक्षा चांगले बोलले. मी धापोड्यांवर बोलणार आहे. हसू नका. पंधरा मिनिटांनी तुमच्या लक्षात येईल की विषय तोच आहे.

मुंबईला मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर नावाचे स्टेशन आहे. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली. जावईबापू भांडुपच्या एका कारखान्यात होते. त्या पट्ट्यातले कारखाने एकेक करून बंद पडले, त्यात तोही गेला. आज त्या जागांवर टॉवर उभे आहेत. घर चालवायला बहिणीने काय केले, तर आमच्याकडून उन्हाळ्यात पिशवीभर धापोडे जायचे ते तिने शेजारच्या बायांना विकायला सुरुवात केली. खानदेशातल्या बाया त्यांना बिबडे म्हणून ओळखत होत्या, कोकणातल्यांनी प्रथमच खाल्ले. पिशवीचे पोते झाले. गावात आम्ही सहा बाया हे काम करू लागलो. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हापासून तर मुंबईत ज्वारीला फार मान आला आहे. ज्या ज्वारीला आपण गरिबाची भाकर म्हणत होतो ती तिथे डॉक्टर लिहून देतात. भाव मात्र तिथल्या पाकिटाला मिळतो, इथल्या पोत्याला मिळत नाही.

मागच्या फेब्रुवारीत बहिणीचे पत्र आले. मुलुंडचा एक व्यापारी तयार आहे. महिन्याला दोन क्विंटल धापोडे घेईन म्हणतो, बारा महिने. किलोला २६० रुपये. पाकीट त्याचे, नाव त्याचे. पैसे दीड महिन्याने. बहिणीने खाली लिहिले होते, "ताई, आता ठरवा. वाढवायचे की पोतेभरच ठेवायचे की बंद करायचे. लिज्जतवाल्या बायांनीही घरातूनच सुरुवात केली होती."

आम्ही सहाजणी माझ्या ओसरीवर बसलो. पहिला हिशेब दहा मिनिटांत झाला. दहा किलो ज्वारीची एक घाणी. ज्वारी घरची, पण तिला २०२५-२६ चा हमीभाव धरला, क्विंटलला ३,६९९, म्हणजे किलोला ३७ रुपये. (त्या भावाने बाजारात कोण घेतो हा प्रश्न आज सोडून द्या.) झाले ३७०. तीळ, जिरे, मिरची, लसूण, मीठ मिळून २३०. दळण आणि सरपण २००. एकूण ८००. भिजवून, धुऊन, कोंडा काढून, दहा किलोचे वाळलेले धापोडे आठ किलो उतरतात. त्यातला दहावा हिस्सा तुटतो, तो घरी खायचा. विकायला राहिले सात किलो दोनशे ग्रॅम. म्हणजे किलोला १११ रुपये खर्च. वर पिशवी आणि नाहूरपर्यंतचे भाडे ३०. झाले १४१. व्यापारी देतो २६०. किलोमागे ११९ रुपये सुटले! दोनशे किलोला २३,८०० रुपये महिना. एकीने तर शिलाई मशीन कुठले घ्यायचे तेही ठरवून टाकले.

आता मला सांगा, या हिशेबात काय राहिले?

धापोडे कसे होतात हे इथल्या पुरुषांना फक्त खाण्यापुरते माहीत आहे, म्हणून सांगते. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचे. मग उपसायची, वाळवायची, दळायची, चाळायची. पहाटे चारला चूल पेटवून मोठ्या गंजात पीठ शिजवायचे. ते घाटताना दोघी लागतात, नाहीतर खाली लागते. उन्हे वर येण्याच्या आत धोतरावर हाताने पातळ थापायचे, हाताला चटके बसतात म्हणून पाण्याचा हात घ्यायचा. दुसऱ्या दिवशी धोतर उलटे करून पाणी शिंपडून एकेक सोडवायचा, पुन्हा वाळवायचा. मग निवडणे, मोजणे, बांधणे. आम्ही वहीत लिहून काढले तेव्हा एका घाणीला बायांचे पाच पूर्ण दिवस लागतात असे निघाले.

पाच दिवसांची मजुरी काय धरायची? रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. ही योजना आपल्याच राज्यात सुरू झाली, तिचा कायदा १९७७ चा. सरकारने माणसाच्या अंगमेहनतीला लावलेली ती सर्वात कमी किंमत म्हणा. पाच दिवसांचे १,५६० झाले, म्हणजे विकायच्या किलोमागे २१७. १४१ मध्ये २१७ मिळवा. ३५८ रुपये! व्यापारी २६० देत होता. किलोमागे ९८ रुपये तोटा होता आणि आम्ही शिलाई मशीन घेत होतो.

उलटा हिशेबही करून पाहिला. महिन्याला दोन क्विंटल म्हणजे अठ्ठावीस घाण्या, बायांचे एकशे चाळीस दिवस. २३,८०० ला १४० ने भागा. दिवसाला १७० रुपये.

भावांनो, कापसाचे आपण काय सांगत आलो? शेतकऱ्याला तोटा दिसत नाही, कारण तो घरच्या माणसांची मजुरी धरत नाही. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात तरी 'एफएल' नावाचा एक रकाना असतो, घरच्यांच्या मजुरीचा. तो किती खरा भरला जातो यावर आपण वर्षानुवर्षे भांडतो आहोत. आणि आमच्या माजघरात तेवढा रकानाही नव्हता. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली तेव्हा सीताशेतीच्या पाठोपाठ माजघरशेती सांगितली होती. शेतातला माल कच्चा विकू नका, घरात त्यावर प्रक्रिया करा. पटले होते. पण माजघरात शेतीच आणायची तर शेतीतला तोटाही बरोबर येईल, हे आमच्या ध्यानात आले नाही. कच्च्या ज्वारीत आम्ही फुकटची मेहनत मिसळून विकत होतो, आणि स्वस्तात मिळते म्हणून गिऱ्हाईक खूश होते.

मग मी लिज्जतची गोष्ट नीट समजून घेतली, कारण बहिणीच्या पत्रातले ते वाक्य डोक्यातून जात नव्हते.

१५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात बाया पापड लाटायला बसल्या. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून ऐंशी रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, पापड वाळेनात. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टो घेतला. खाटेवर पापड, खाली स्टो. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितले, हलका माल करू नका, एकच प्रत ठेवा. देणगी घ्यायची नाही हेही तेव्हाच ठरले. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, म्हणजे सात वर्षांनी. आगपेट्या, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू असले उद्योगही त्यांनी करून पाहिले आणि सोडून दिले. आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास बहिणी आहेत.

मला यातला एकच भाग आपल्या उपयोगाचा वाटला. शाखेत पीठ मळले जाते, बाई ते वजन करून घरी नेते, लाटते, आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून देते. पापड तपासले, वजन झाले, की लाटण्याची मजुरी हातात. माल विकला गेला का, पैसे आले का, हे तिने बघायचे नाही. नफा-तोट्याचा हिशेब नंतर, आणि तोही सगळ्या बहिणींचा. म्हणजे पापडाच्या किमतीवर पहिला हक्क लाटणाऱ्या हाताचा. आमच्याकडे उलटे होते. तीळवाल्याचे पैसे आधी, चक्कीवाल्याचे आधी, गाडीभाडे आधी, आणि उरले तर आम्ही.

तिथे सगळे सोन्याचे आहे असे मी म्हणत नाही. लाटण्याची मजुरी ही उक्ती मजुरीच आहे, हात थांबला की पैसा थांबला. आणि आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे त्या पापडाचा उडीद म्यानमारहून येतो. बाईला मालकी मिळाली, उडीद पिकवणारा बाहेरच राहिला. आमच्या धापोड्यांत ज्वारी पिकवणारी आणि थापणारी एकच आहे, तेवढी आमची बाजू वरचढ आहे. ती दोन्हीकडून लुबाडलीही जाऊ शकते, हे खरे.

हे सगळे मी ओसरीवर मांडले. मला वाटले, झाले, आता सगळ्या नाही म्हणतील. तर आमच्यातली सर्वात वडील मावशी, साठीच्या पुढची, म्हणाली, "तुह्या वहीतले तीनशे बारा मले दाखव. उन्हायात कोन देते मजुरी? रिकाम्या हाताले एकशे सत्तर का वाईट हायेत?"

याला उत्तर देणे सोपे नाही आणि मी दिल्याचे सोंग आणणार नाही. कापसाची वेचणी संपली की आमच्या कोरडवाहू गावात जूनपर्यंत बाईला काम नसते. त्या चार महिन्यांत १७० रुपये खरोखरच शून्यापेक्षा जास्त आहेत. मी तिला एवढेच विचारले, मावशी, व्यापारी बारा महिने माल मागतो. जुलैत निंदणाला जाशील की धापोडे थापशील? आणि उन्हाळ्यात २६० ला दिले तर दिवाळीत ३६० कोण देईल? एकदा उतरलेला भाव आपण कधी चढलेला पाहिला आहे का? ती गप्प बसली, पण पटले म्हणून नव्हे. तिला सुनेच्या बाळंतपणाला पैसे हवे होते.

तीन बैठका झाल्या. चौथीत ठरले ते असे. पाचही दिवसांची मजुरी वहीत लिहायची आणि घाणी उतरली की त्याच संध्याकाळी वाटायची. त्यासाठी प्रत्येकीने पाचशे रुपये घालून तीन हजारांची गंगाजळी केली, तिच्यात दोन घाण्यांची मजुरीही पुरती बसत नाही. बहिणीलाही किलोमागे ४० रुपये द्यायचे. तीही आजवर फुकट राबत होती आणि आम्हाला त्याची लाज वाटली नव्हती. म्हणजे घरपोच ३९८ पडतात. नाहूरला आम्ही ४०० ने विकत होतो, तो भाव ४४० केला. काम फक्त फेब्रुवारी ते मे. ज्या मावशीला जास्त गरज आहे तिला जास्त घाण्या. बहिणीने अन्न सुरक्षेची नोंदणी काढून घेतली, आणि पाकिटावर वजन, तारीख आणि आमच्या गावाचे नाव छापले.

भाव वाढवल्यावर नाहूरची काही गिऱ्हाइके सुटली. पहिल्या महिन्यात साठ किलो जायचे तिथे एक्केचाळीस गेले. मे महिन्यात बावन्न. मावशीने मला दोनदा ऐकवले की दोन क्विंटलची सोय घालवलीस. तिच्या जागी मी असते तर मीही ऐकवले असते.

व्यापाऱ्याला आम्ही नाही म्हटले नाही. कार्डावर लिहून पाठवले, किलोला ३८० रुपये, माल उचलताना रोख, पाकिटावर आमचे नाव, आणि फक्त चार महिने. त्याला बहिणीचे ४० द्यावे लागत नाहीत म्हणून ३८०. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. यंदाच्या हंगामापुरते आणखी एक ठरवायचे बाकी आहे: खाट आणि स्टोच्या जागी वाळवणाचे यंत्र घेऊन पावसाळ्यातही काम चालवायचे का. दोघी हो म्हणतात, तिघी नाही. मी नाहीच्या बाजूला आहे, कारण निंदणाचे दिवस सोडून यंत्राचे हप्ते फेडत बसावे लागेल. पण यंत्र पाहिलेले कोणी इथे असेल तर मला चूक दाखवावी.

वही मी बरोबर आणली आहे, ती मंडपात मागे ठेवते. ज्यांच्या गावात शेवया, कुरड्या, पापड, मसाला असे काही होते आणि बाहेर जाते, त्या बहिणींनी जेवणानंतर थांबावे. आपापल्या घाणीला किती दिवस लागतात ते आठवून या. किती रुपये सुटतात ते नंतर पाहू.