पाच चुकांची मुभा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



ज्याच्यामुळे मी हॅम रेडिओकडे वळलो, तो आपला वर्गमित्र आज पहिल्या रांगेत बसला आहे. त्याच्यासमोर मला एक कबुली द्यायची आहे.

1981 साली आम्ही दोघं ग्रेड टू परवान्याच्या परीक्षेला बसलो. लेखीची तयारी त्यानेच माझ्याकडून करून घेतली होती. नंतर मोर्स. मिनिटाला पाच शब्द, म्हणजे पाच मिनिटांत सव्वाशे अक्षरं ऐकून लिहायची. पाचापेक्षा जास्त चुका झाल्या की नापास. सगळी सर्किटं तोंडपाठ असलेल्या माझ्या मित्राच्या कानाला ‘डि’ आणि ‘डा’ काही वेगळे लागेनात. मी पास झालो, तो दोनदा नापास. आपलं सोल्डरिंग आयर्न त्याने मला देऊन टाकलं.

‘नियम म्हणजे नियम,’ असं मी तेव्हा म्हणालो. नियमाला कारणही होतं. 30 मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी दूरदेशी पोहोचतात. तिथे जहाजाची संकटाची हाक हौशी माणसालाही कळावी, म्हणून मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती होती.

पुढे जहाजांनीच मोर्स सोडलं. 2003 च्या जिनिव्हा परिषदेने सक्ती उठवून निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. ब्रिटनने त्याच वर्षी, अमेरिकेने 2007 मध्ये ही परीक्षा काढून टाकली. आपल्याकडे जनरल परवान्याला मिनिटाला आठ शब्दांचं मोर्स ठेवलं. रिस्ट्रिक्टेडला मात्र मोर्स नाही.

मी बरीच कुरकुर केली. ‘आता कुणीही येईल!’ पण डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून हॅम रेडिओवर निरोप पोहोचवत होत्या, ते साध्या बोलण्यातून. ते आठवलं की माझी कुरकुर मलाच खुजी वाटते.

मोर्सवर माझं प्रेम आहे. खरखरीत बोलणं बुडतं, तिथेही ते ऐकू येतं. पण प्रेम असलेली गोष्ट दारावर पहारेकरी म्हणून उभी करू नये. त्या पहाऱ्यापायी माझ्याहून सरस असा एक हॅम आपण गमावला.

मित्रा, तुझ्या नातीला रिस्ट्रिक्टेड परवाना मिळाल्याचं कळलं. परवा ती मला फोनवर म्हणाली, ‘आजोबा, मला मोर्स शिकवाल?’ कुणी सक्ती केलेली नसताना!

तुझं सोल्डरिंग आयर्न आज पिशवीत आणलं आहे. ते तिला दे.